लांबच्या नेमाचे गणित

कंपाउंड तिरंदाजीत अंतर ५० मीटर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे. ऑलिंपिकमध्ये चालणाऱ्या रिकर्व्ह धनुष्याला अंतर ७० मीटर आणि दहाचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर. पॉइंट टू टू रायफलच्या ५० मीटर प्रकारात हेच वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे आहे. नेमबाजाच्या डोळ्यापाशी होणारा कोन धरला, तर तिरंदाजीची दोन्ही वर्तुळे जवळपास सारखीच ठरतात आणि रायफलचे त्यांच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढे. म्हणून रायफल आठपट अवघड, असे मात्र होत नाही. लक्ष्याकडे जाणारी वस्तू किती वेळ हवेत राहते, किती खाली येते आणि वाऱ्याला किती बळी पडते, यावर लांबच्या नेमाची अडचण ठरते. लक्ष्याची वर्तुळेही त्याच हिशेबाने बेतलेली आहेत.

संथ अस्त्राने दूरचा नेम साधण्याचा प्रश्न जगात वेगवेगळ्या रूपांत दिसतो. अमेरिकेतील व्यावहारिक नेमबाजीच्या स्पर्धांत गेल्या दशकात पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या कार्बाइनचा स्वतंत्र गट उभा राहिला. जवळच्या लक्ष्यांवर ही बंदूक हुकमी, पण १०० मीटरच्या आसपास तिची परीक्षा सुरू होते. पिस्तुलाची गोळी आखूड आणि बोथट असते. कार्बाइनच्या लांब नळीतून ती ध्वनीपेक्षा अधिक वेगाने निघते आणि साधारण त्याच टप्प्यात ध्वनीच्या वेगाखाली उतरते. ही सीमा ओलांडताना तिचा तोल ढळू शकतो. भारतात ९ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर असल्यामुळे अशी कार्बाइन पोलिस आणि लष्कराच्याच हाती दिसते. नागरी खेळ म्हणून तिला येथे जागा नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाचा खरा अभ्यास झाला तो कोल्हापूरच्या रायफलवर आणि साताऱ्याच्या धनुष्यावर. त्यातही साताऱ्याची गोष्ट अधिक बोलकी, कारण तेथील अस्त्र सगळ्यांत संथ आहे.

आकडे समोर ठेवले की हे उमगते. स्पर्धेतील पॉइंट टू टूची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो, म्हणजे वाटेत ती सीमा ओलांडायची वेळच येत नाही. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या सरळ रेषेपासून १२-१३ सेंटिमीटर खाली येते. कंपाउंडचा बाण सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास. ५० मीटरला ०.६ सेकंद, घसरण पावणेदोन मीटर. रिकर्व्हचा बाण सेकंदाला ६० मीटर धरला, तर ७० मीटरला सव्वा सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो आणि घसरण सात मीटरच्या पुढे जाते. म्हणजे रिकर्व्हच्या तिरंदाजाला लक्ष्यापेक्षा दुमजली घराएवढे वर धनुष्य रोखावे लागते. साइट खाली सरकवलेली असल्यामुळे त्याच्या डोळ्याला हे जाणवत नाही, एवढेच.

घसरण मोठी असणे ही स्वतंत्र अडचण नाही. ती दर वेळी तेवढीच असेल, तर साइट एकदा लावली की काम झाले. घसरण दर बाणाला बदलते, तिथे गुण जातात. वेगात एक टक्का फरक पडला की घसरणीत दोन टक्के फरक पडतो. कंपाउंडला तो साडेतीन सेंटिमीटर होतो आणि बाण दहाच्या कडेला कसाबसा तग धरतो. रिकर्व्हला तोच फरक १४ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे बाण थेट आठात. रिकर्व्हचा वेग अर्ध्या टक्क्याच्याही आत स्थिर राहिला, तरच दहा शक्य होतात. हा वेग ठरतो तो दोरी किती ओढली यावर. ओढीच्या अखेरीस एक मिलिमीटर कमी-जास्त झाला, तरी ७० मीटरवर बाण दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली होतो. रिकर्व्हच्या दांड्यावर क्लिकर नावाची पातळ पट्टी असते, ती याचसाठी. बाणाचे टोक पट्टीच्या मागे आले की ‘टक्’ असा आवाज होतो आणि त्या आवाजावरच बाण सुटला पाहिजे. आवाजाआधी सुटला किंवा नंतर रेंगाळला, तर वेग बदललाच.

कंपाउंडमध्ये हे काम यंत्राने अंगावर घेतले आहे. अमेरिकेतील होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. टोकांवरील विषमकेंद्री चाकांमुळे ओढीच्या मध्यावर जोर सर्वाधिक लागतो आणि पूर्ण ओढ झाली की एकदम हलका होतो. स्पर्धेत ६० पौंडांची कमाल मर्यादा आहे. त्यातले हातावर शेवटी राहतात ते साधारण १२ ते २० पौंड. दोरी एका ठिकाणी येऊन अडते. तिरंदाज तिला ‘वॉल’ म्हणतात. तिच्यापुढे ओढता येत नाही, म्हणून ओढीची लांबी दर वेळी जवळजवळ तीच. दोरीत बसवलेले पीपचे भोक, समोर भिंग असलेला स्कोप, स्कोपमध्ये पाण्याचा बुडबुडा आणि दोरी सोडायला बोटांऐवजी रिलीज एड, हे सगळे कंपाउंडला चालते. रिकर्व्हला यातले काहीच चालत नाही.

बुडबुड्याचे महत्त्व वरवर पाहता क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात ते घसरणीशी बांधलेले आहे. धनुष्य एक अंशाने जरी कलले, तरी बाण घसरणीच्या सुमारे पावणेदोन टक्के बाजूला जातो. कंपाउंडला ते तीन सेंटिमीटर, रिकर्व्हला १२. रिकर्व्हचा तिरंदाज बुडबुड्याशिवाय, केवळ खांद्यांच्या सवयीने आणि क्षितिजाच्या अंदाजाने धनुष्य उभे धरतो. मैदानामागे डोंगराची तिरपी सोंड असेल, तर हा अंदाज फसतो. अजिंक्यतारा आणि यवतेश्वराच्या कुशीत वाढलेल्या साताऱ्यात सपाट क्षितिज तसेही दुर्मीळच.

नेम धरणे, म्हणजे साइटचा ठिपका लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर ठेवणे, याला सामान्य प्रेक्षक सर्वांत जास्त महत्त्व देतो. त्याचे मोल नाही असे नाही. रिकर्व्हची साइट डोळ्यापासून हातभराहून दूर, ८५-९० सेंटिमीटरवर असते. तिथला एक मिलिमीटर ७० मीटरवर आठ सेंटिमीटर होतो. पण कोणाचाही हात पूर्ण स्थिर राहत नाही. ठिपका सतत तरंगत असतो आणि कंपाउंडच्या भिंगातून तर हे तरंगणे अधिकच मोठे दिसते. तो मध्यावर आला की झटकन सोडू, असा मोह ज्याला आवरत नाही त्याचा बाण हमखास भरकटतो, कारण त्या झटक्यातच हात हलतो. म्हणून चांगला प्रशिक्षक तरंगणाऱ्या ठिपक्याकडे दुर्लक्ष करायला शिकवतो. पाठीचे स्नायू ओढत राहावेत, नजर पिवळ्यावर असावी आणि बाण आपसूक सुटावा. बाण सुटल्यावरही तो दोरीवर सेकंदाच्या काही हजाराव्या भागांपुरता असतो. रिकर्व्हमध्ये साधारण पंधरा-सोळा. गोळी नळीत असते त्याहून हा काळ कितीतरी मोठा. तेवढ्या वेळात धनुष्याचा हात पडला, तर बाणालाही ते कळते. बाण लक्ष्यावर लागेपर्यंत हात जागीच ठेवण्याची शिस्त इथून आली आहे.

बोटांनी दोरी सोडली की ती किंचित बाजूला सरकून मग पुढे जाते. त्यामुळे बाण निघताना माशासारखा वळवळतो आणि काही मीटरांनंतर सरळ होतो. बाणाचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, धनुष्याच्या जोराशी जुळला नाही तर तो सरळ व्हायला उशीर लागतो आणि बाणांचा गट पसरतो. रिलीज एडमुळे कंपाउंडला ही वळवळ बरीच कमी असते. बाणांचे वजन, टोक आणि पिसे एकमेकांशी जुळवून घेण्यात तिरंदाजांचे तासन्‌तास जातात. हा खर्चही साधा नाही. स्पर्धेच्या दर्जाचे कंपाउंड धनुष्य, साइट, स्टॅबिलायझर आणि डझनभर बाण यांचा हिशेब लाखांच्या घरात जातो. शाळेत बांबूच्या धनुष्यावर सुरुवात करणाऱ्या अनेक मुलांची वाट इथेच अडते. तिरंदाजीतील गळतीला नैपुण्याचा अभाव जेवढा कारण असेल, तेवढाच, कदाचित थोडा जास्तच, हा हिशेब असावा.

उरतो वारा. आडवा वारा बाणाला किती ढकलतो, याचा एक जुना आणि सोपा नियम आहे. हवेचा अडथळा नसता तर लागला असता तो वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ, यांतील फरकाला वाऱ्याच्या वेगाने गुणायचे. ७० मीटरवर रिकर्व्हच्या बाणाचा हा उशीर सेकंदाच्या पाच-सहा शतांश भागांएवढा निघतो. सेकंदाला तीन मीटरचा, म्हणजे झाडाची पाने सतत हलवणारा वारा असेल, तर बाण १५ ते १८ सेंटिमीटर सरकतो आणि आठात जातो. कंपाउंडच्या बाणाचा उशीर सुमारे पावणेदोन शतांश. त्याच वाऱ्यात तो पाच-साडेपाच सेंटिमीटर सरकून नवात जातो. पॉइंट टू टूची गोळी सरकते जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर, पण तिची वर्तुळे इतकी बारीक की तीही आठातच. आठपट बारीक वर्तुळाचा हिशेब इथे जुळतो. वाऱ्यात रायफल आणि रिकर्व्ह सारखेच हाल सोसतात. कंपाउंड त्या मानाने सुटते.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे वाऱ्यासाठीच ओळखले जातात. पाटण तालुक्यातील वनकुसवडे, साताऱ्याजवळचे चाळकेवाडी आणि ठोसेघरचे पठार, सांगलीत शिराळा तालुक्यातील गुढे-पाचगणी आणि कवठेमहांकाळमधील ढालगाव, या ठिकाणी पवनचक्क्या उभारल्या त्या उगीच नाहीत. पश्चिमेकडून येणारा वारा सह्याद्री चढून पठारावर उतरतो. पावसाळ्यात त्याला जोर असतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतरही तो उठतो. पूर्वेकडे जत-कवठेमहांकाळच्या उघड्या माळावर त्याला अडवायला फारसे काही नाही. पठारावर सराव कोणी करत नाही, पण खालच्या खोऱ्यातही वारा पोहोचतोच. सकाळी लवकर बाण मारणारा आणि संध्याकाळी मारणारा, यांना एकाच मैदानावर दोन वेगळी मैदाने भेटतात.

साताऱ्यातील दृष्टी आर्चरी अकादमीची जागा उसाच्या शेतात आहे. प्रशिक्षक प्रवीण सावंत पोलिस दलातले. २०२३ नंतर या उसाच्या फडाचे वर्णन वर्तमानपत्रांत इतक्यांदा आले, की त्यात साधेपणाचे कौतुकच अधिक झाले. बाणाच्या दृष्टीने पाहिले, तर त्या उसाला वेगळाच अर्थ आहे. वाढलेला ऊस दोन-तीन मीटर उंच असतो. कंपाउंडचा बाण दीड मीटरवरून निघतो, वाटेत अर्धा मीटरही वर चढत नाही आणि सव्वा मीटर उंचीवरच्या मध्यावर उतरतो. सगळा प्रवास उसाच्या उंचीखाली. रिकर्व्हचा बाण मात्र वाटेत तीन मीटरच्या वर जातो आणि पिकाच्या शेंड्यांवरचा वारा त्याला लागतो. उसाच्या आडोशाने वाढलेल्या तिरंदाजाला वाऱ्याची सवय कमी मिळते, हा त्याचा तोटा. आणि गळीत हंगामात तोड झाली की आडोसा जातो व तेच मैदान उघडे पडते. वर्षातून दोन प्रकारचे मैदान मिळणे हा तोटा की फायदा, हे प्रशिक्षक त्याचा उपयोग कसा करतो यावर अवलंबून.

या अकादमीत शिकलेली आदिती स्वामी मूळची शेरेवाडीची. जून २०२३ मध्ये कोलंबियातील मेदेयीन येथील विश्वचषकात तिने पात्रता फेरीत ७२ बाणांत ७२० पैकी ७११ गुण मिळवले. १८ वर्षांखालील गटाचा तो विश्वविक्रम होता. नऊ गुण गेले, म्हणजे ७२ पैकी किमान ६३ बाण आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात. जुलैमध्ये आयर्लंडमधील लिमरिकला ती युवा विश्वविजेती झाली. ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आदिती, ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांनी मेक्सिकोला २३५-२२९ असे हरवून भारताला या स्पर्धेतील पहिले सुवर्ण मिळवून दिले. दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्टला, आदितीने वैयक्तिक अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ ने नमवले. तेव्हा ती १७ वर्षांची होती. त्याच दिवशी ओजस देवतळे याने पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीवर १५०-१४९ ने विजय मिळवला. ओजस नागपूरचा, सरावासाठी मुद्दाम साताऱ्याला येऊन राहिलेला. एकाच प्रशिक्षकाच्या हाताखालील दोघे एकाच दिवशी जगज्जेते झाले.

रिकर्व्हमध्येही हा जिल्हा मागे नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि लष्करात गेला. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या पुरुष संघात अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्यासोबत तो होता. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ६५६ गुणांसह भारतीय पुरुषांत तो पहिला आला. एकूण क्रमवारीत मात्र ३१ वा. दुसऱ्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनने त्याला ६-० असे हरवले. साताऱ्याचाच पार्थ साळुंखे लिमरिकला २०२३ मध्ये २१ वर्षांखालील रिकर्व्ह गटात विजेता झाला. अंतिम सामन्यात त्याने कोरियाच्या सोंग इंजूनला ७-३ ने मागे टाकले. रिकर्व्हमध्ये युवा जगज्जेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष.

६५६ आणि ७११ हे आकडे शेजारी ठेवून कोण श्रेष्ठ, असे विचारण्यात अर्थ नाही. वर आलेले हिशेब पाहता त्यांतील अंतराचा मोठा भाग धनुष्याचा आहे. कंपाउंडमध्ये वेग, कल आणि सोडणे या तीन चुका यंत्राने लहान करून ठेवल्या आहेत. मुख्य उरतात ते वाऱ्याचा अंदाज आणि दडपणाखाली तीच कृती पुन्हा करण्याची क्षमता. या दोन गोष्टी लहान मैदानावर, एका प्रशिक्षकाच्या नजरेखाली, भरपूर बाण मारून कमावता येतात. जगज्जेतेपदासाठी प्रचंड व्यवस्था लागलीच पाहिजे असे नाही, हे साताऱ्याने दाखवले ते प्रामुख्याने कंपाउंडमध्ये, आणि ते का, याचे उत्तर बहुधा इथे आहे. रिकर्व्हसाठी अनेक वर्षांची शारीरिक बांधणी, वाऱ्यातला भरपूर सराव आणि तोडीस तोड सोबती लागतात. ४५ पौंडांचे धनुष्य, म्हणजे सुमारे २० किलो, ७२ वेळा ओढले की पात्रता फेरीतच जवळपास दीड टन वजन पाठीवरून जाते. प्रवीण जाधव पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडला, यात नवल नाही.

शेजारच्या कोल्हापुरात रायफलची वाट वेगळी असूनही निष्कर्ष फार वेगळा निघत नाही. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून, ६०० पैकी ५९७ गुणांनी जागतिक सुवर्ण मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. रायफलचा नेमबाजही वारा दाखवणाऱ्या ध्वजांकडे पाहत, काडतुसांचे लॉट पारखत, तीच स्थिती पुन्हा पुन्हा उभी करत असतो. फरक एवढाच, की त्याला गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने असे तीनदा शरीर नव्याने बसवावे लागते.

कंपाउंडपुढचा आजचा प्रश्न निराळा आहे. वरच्या दर्जाचे तिरंदाज आता वर्तुळापेक्षा अचूक झाले आहेत. दर बाणाला दहा मिळण्याची शक्यता ९० टक्के असणाऱ्याला १५ पैकी १५ दहा मिळण्याची शक्यता २१ टक्क्यांच्या आत असते. ती ९५ टक्के झाली की ४६ होते आणि ९८ टक्के झाली की ७४. म्हणजे सामन्याचा निकाल एखाद्या नवावर लागतो आणि तो नऊ वाऱ्याच्या एका झुळकीचाही असू शकतो. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत हे स्पष्ट दिसले. मिश्र गटाचा अंतिम सामना ओजस आणि ज्योती यांनी कोरियाविरुद्ध १५९-१५८ असा जिंकला, तर महिला संघाने चिनी तैपेईला २३०-२२९ असे हरवले. ओजसने तिथे तीन सुवर्णे मिळवली आणि आदितीने सांघिक सुवर्णासोबत वैयक्तिक कांस्य. २०२३ चा अर्जुन पुरस्कार दोघांनाही मिळाला. वर्तुळ लहान करावे की अंतर वाढवावे, यावर मतभेद होऊ शकतात. अंतर वाढवले, तर वाऱ्याचा वाटा वाढेल आणि कौशल्याबरोबर नशीबही अधिक खेळेल. वर्तुळ लहान करणे अधिक न्याय्य वाटते, कारण त्याने वाऱ्याचा वाटा वाढला तरी प्रत्येक बाणाची पारख बारीक होते.

हा वाद सुटण्याआधीच कंपाउंडला ऑलिंपिकचे दार उघडले आहे. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लॉस एंजेलिस २०२८ साठी कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला मान्यता दिली. वैयक्तिक प्रकार अजून बाहेरच आहे. मिश्र सामन्यात चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत चार बाण, दोघांचे दोन-दोन. एकूण १६ बाण आणि १६० गुण. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला फक्त आठ बाण येतात आणि चार बाणांसाठी जोडीला ८० सेकंद मिळतात. पहिल्याने वेळ खाल्ला, तर दुसऱ्याला झुळूक ओसरण्याची वाट पाहता येत नाही. एकट्याने १५ बाण मारण्याचा सराव या प्रकाराला पुरणार नाही. जोडी कोणाची, आधी कोण मारणार आणि वाऱ्याची खूण दुसऱ्याला कशी द्यायची, याची तयारी यापुढे साताऱ्यातील मैदानांवरही करावी लागेल.